विचारा बिनधास्त : पट्टा हातात, पिशवी कुठंय?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्या गल्लीतला सगळ्यात डोकं उठवणारा प्रश्न कोणता. मला वाटलं होतं पार्किंग जिंकणार. नाही जिंकलं! कुत्र्याची शी जिंकली, आणि तीही लांबून पुढे राहून. निवडक पत्रं घेतलीयेत, थोडी कापाकापी केलीये, नावं गाळलीयेत कारण बऱ्याच जणांना त्याच बिल्डिंगमध्ये राहायचंय. एक आधीच सांगून टाकते, माझ्याकडे स्वतःचा बंड्या आहे, आठ वर्षांचा, अस्सल गावठी. म्हणजे मी दोन्ही पार्ट्यांची आहे, उत्तरं त्या हिशोबाने वाचा.

प्रश्न : ताई, आम्ही कोथरूडला तळमजल्यावर राहतो. गेटबाहेर मी रोज सकाळी सडा टाकून छोटीशी का होईना रांगोळी काढते, सासूबाईंची सवय मला लागलीये. गेले चार महिने शेजारच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ त्यांचा लॅब्रॅडॉर घेऊन बरोब्बर सव्वासहाला येतात, तो आमच्या गेटच्या डाव्या बाजूला बसतो आणि हे तोवर मोबाईल बघत उभे. दोनदा बोलले मी. पहिल्यांदा म्हणाले सॉरी सॉरी उद्यापासून नाही, दुसऱ्यांदा म्हणाले अहो मुकं जनावर आहे, त्याला काय कळतंय. आमचे मिस्टर म्हणतात सोडून दे, कशाला शेजाऱ्यांशी वाकडं. मी रोज सुपलीने उचलते, मग रांगोळी काढते आणि मग दिवसभर चिडलेली असते. – रांगोळीवाली, कोथरूड

उत्तर : मिस्टरांना सांगा वाकडं ऑलरेडी झालंय, फक्त ते त्या गृहस्थांना अजून माहीत नाहीये.

आता मुकं जनावर. अहो त्याला सगळं कळतं, त्याला तुमच्या गेटची डावी बाजू कळते म्हणून तर तो तिथेच येतो! कुत्री वासावर जागा पक्की करतात, तुम्ही सुपलीने उचललंत आणि वरून पाणी मारलंत तरी तुमच्या-माझ्या नाकाला वास गेला, त्याच्या नाकाला नाही गेला. म्हणून एकदा साबणाच्या पाण्याने ती जागा खसखसून घासा, वर थोडं व्हिनेगर मारा आणि वाळू द्या. अमोनियावालं क्लीनर मात्र नको, त्याचा वास लघवीसारखा असतो आणि कुत्र्याला ते आमंत्रण वाटतं. आठवडाभर रोज करा, नुसत्या या एका गोष्टीने निम्मं काम झाल्याचं मी पाहिलंय.

उरलेलं निम्मं म्हणजे गृहस्थ. तुम्ही दोन्ही वेळा बोललात ते तो बसलेला असताना, बरोबर ना? तेव्हा माणूस ओशाळलेला असतो, कुत्रा ओढत असतो, समोर तुम्ही झाडू घेऊन उभ्या, अशात कोणीही तोंडाला येईल ते बोलून सटकतो. संध्याकाळी जा, कुत्रा नसताना, जमलं तर त्यांच्या मिसेस असताना. लॅब्रॅडॉरचं नाव विचारा, मग सरळ सांगा की रोज सकाळी मी इथे रांगोळी काढायला बसते आणि त्याआधी तुमच्या कुत्र्याची शी मी माझ्या हाताने उचलते, चार महिने झाले. "घाण होते" असं नका म्हणू. "मी उचलते" म्हणा. माणसं घाण ऐकून घेतात हो, पण शेजारच्या बाई आपलं उचलतायत हे ऐकलं की चेहरा उतरतो.

आणि नाहीच उतरला तर दोन-तीन दिवस वेळेसकट फोटो काढा आणि तुमच्या भागाच्या आरोग्य कोठीवर (महापालिकेची सफाईची चौकी हो) जाऊन मुकादमांना भेटा, ते आरोग्य निरीक्षकांकडे पाठवतील. रस्ता महापालिकेचा आहे, तिथे घाण केली तर दंड करायचा अधिकार त्यांना आहे. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर मात्र टाकू नका, तिथे तिसऱ्या मेसेजनंतर विषय कुत्र्यावरून मेंटेनन्सवर जातो.

प्रश्न : मॅडम, थोडं उलट बाजूने लिहितोय. आम्ही घरपट्टी भरतो, त्यात सफाईचा पैसा असतो, रोज सकाळी झाडायला माणसं येतात, मग त्यांचं काम काय? शिवाय आपल्याकडे शेणाने अंगण सारवतात ते चालतं, कुत्र्याचं मातीत पडलं तर शेवटी खतच होणार ना. उगाच पाश्चात्त्यांची फॅडं. – एक करदाता, ठाणे

उत्तर : शेणाचं आधी घेते कारण हे मला दर आठवड्याला कोणीतरी ऐकवतं. गाय कडबा खाते, तुमचा कुत्रा चिकन-भात आणि पॅकेटचं खाणं खातो, दोघांच्या पोटातून बाहेर पडणारी वस्तू एक कशी असेल? कुत्र्याच्या शीमध्ये नायट्रोजन इतका असतो की गवतावर पडली की तिथे पिवळा जळका डाग पडतो, बागेत जाऊन बघा. त्याहून वाईट म्हणजे जंत. गोलकृमीची अंडी त्यातून बाहेर येतात, ताजी असताना ती लागत नाहीत, पण मातीत दोन ते चार आठवडे पडून राहिली की मुरतात आणि मग वर्षानुवर्षं तिथेच टिकून राहतात, शी कधीच दिसेनाशी झालेली असते, अंडी असतात. त्याच मातीत तुमचा नातू खेळतो आणि हात तोंडात घालतो. हुकवर्म अजून वेगळा, त्याच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात, लाल नागमोडी रेघ उठते आणि खाजून खाजून जीव जातो. कुत्र्यांचं म्हणाल तर पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा आजार मुख्यतः शीमधूनच पसरतो आणि त्याचा विषाणू बाहेर कित्येक महिने जिवंत राहतो, म्हणजे शेजाऱ्यांनी कौतुकाने आणलेलं लस पूर्ण न झालेलं पिल्लू तुमच्या कुत्र्याच्या खतावरून चालत जाऊन मरू शकतं. आणि सगळी मजा अशी की त्याच दिवशी उचललं तर यातलं बहुतेक टळतं.

आता घरपट्टी. एक माझी गोष्ट सांगते, सांगायला लाज वाटते पण सांगते. बंड्या नवीन होता तेव्हा मीपण कायम पिशवी न्यायचे असं नाही, रात्री पाऊस असला की इकडेतिकडे बघायचं, कोणी नाही ना, चला. असे चार-पाच दिवस झाले आणि एके सकाळी आमच्या गल्लीत झाडणाऱ्या मावशींनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, ताई तुमचा बंड्या दोन दिवस पातळ करतोय, डॉक्टरला दाखवा त्याला. रागाने नाही हो, काळजीने! त्यांना कुठली शी कोणाच्या कुत्र्याची ते पाठ होतं. ज्या बाईचं नावपण मला तोवर माहीत नव्हतं तिला माझ्या कुत्र्याचं पोट माहीत होतं, कारण ते रोज ती तिच्या हाताने, खराट्याने आणि पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढत होती. त्या दिवसापासून पिशवीशिवाय मी खाली उतरलेली नाहीये.

तुम्ही घरपट्टी भरता ती रस्ता झाडायची, पानं, धूळ, कागद. तुमच्या घरातल्या प्राण्याची शी उचलायचा पगार त्यांना कोणी देत नाही. आणि फॅड वगैरे म्हणाल तर जरा स्वतःला विचारा की कुत्र्याला दोन हजाराचा पट्टा घ्यायला, वाढदिवसाला केक कापायला आपल्याला लाज वाटत नाही, मग खाली वाकायलाच का वाटते? घाण उचलणारे वेगळे आणि आपण वेगळे हे आपल्याकडे किती जुनं आहे ते तुम्हालाही माहितीये आणि मलाही.

प्रश्न : भटकी कुत्रीपण रस्त्यावरच करतात, त्यांचं कोण उचलतं? आम्हालाच का सांगता? – बॉबीचे पप्पा, पिंपरी

उत्तर : भटक्याला पप्पा नाहीयेत. बॉबीला आहेत.

प्रश्न : मुलगा-सून नोकरीला, त्यामुळे कुत्रा फिरवायचं माझ्याकडे आलंय. वय ७१, गुडघे गेलेले, वाकलं की उठवत नाही. मला उचलायची इच्छा आहे पण कसं ते सांगा. पिशवीतलं मग टाकायचं कुठे? आमच्या घंटागाडीवाल्याने एकदा घेतलं नाही. – आजोबा, नाशिक

उत्तर : आजोबा, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, इथे धडधाकट लोक कारणं देतायत.

सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे खाली पडूच द्यायचं नाही. कुत्रा बसायच्या आधी गोल गोल फिरतो, जमीन हुंगतो, पाठ कमानीसारखी करतो, तुम्हाला एव्हाना त्याची खूण कळत असेल. तेवढ्यात वर्तमानपत्राचा दुहेरी कागद काठीने मागे सरकवायचा. सुरुवातीला बिचकून उठेल, दोन-चार दिवसांत सवय होते. कागद नुसता गोळा करायचा, वाकणं अर्ध्यावर येतं. दुसरा उपाय म्हणजे लांब दांड्याची सुपली, उभ्या माणसाने कचरा भरायला मिळते ती, भांड्यांच्या दुकानात किंवा ऑनलाईन मिळते. तिच्यात आधी कागद घालून ठेवायचा म्हणजे धुवायची कटकट कमी.

हाताने उचलायचं असेल (हे सुनेला वाचायला द्या) तर पिशवी हातमोज्यासारखी हातात उलटी घालायची, मुठीत धरायचं, पिशवी सुलटी करायची, गाठ. हाताला काही लागत नाही, फक्त गरम लागतं, त्याचीच लोकांना किळस असते खरंतर. पातळ असेल तर आधी वर मूठभर माती किंवा कोरडी पानं टाकायची, मग उचलायचं. आणि पातळ दोन दिवसांपेक्षा जास्त असेल तर डॉक्टर. जंतांचं औषध मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी देतात, तुमच्या डॉक्टरांना विचारून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कालनिर्णयवर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी.

टाकायचं कुठे, तर सर्वात उत्तम म्हणजे घरी आणून संडासात टाकून फ्लश करायचं. फक्त शी हं, कागद आणि पिशवी नाही, नाहीतर प्लंबरला बोलवायची वेळ येईल. ते जमत नसेल तर कागदात घट्ट गुंडाळून, पिशवीला गाठ मारून डायपर-पॅडच्या कचऱ्याबरोबर वेगळं द्यायचं. ओल्या कचऱ्यात नाही आणि सुक्यात तर अजिबातच नाही, कारण सुका कचरा कोणीतरी हाताने निवडतं. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेतल्या ताईंसाठी पॅडच्या पुडक्यावर लाल ठिपका काढायची पद्धत आहे, मी बंड्याच्या पुडक्यावरपण तोच काढते आणि एकदा ताईंना तोंडी सांगून ठेवलंय आत काय असतं ते. तुमच्या घंटागाडीवाल्याने बहुतेक त्याला आधी न सांगितल्यामुळे नाकारलं असेल, एकदा थांबवून बोला. आणि गाठ मारलेली पिशवी झाडाच्या बुंध्याशी ठेवून जाणारी एक जमात निघालीये हल्ली, तसलं तुम्ही करणार नाहीच. ते न उचलण्यापेक्षा वाईट, कारण आता त्याला प्लॅस्टिक पण लागलं.

प्रश्न : मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. ९६ फ्लॅट, ११ कुत्री. जनरल बॉडीत ठराव करायचाय : घाण केली तर प्रत्येक वेळी १००० रुपये दंड, कुत्र्यांना लिफ्टबंदी, दर महिना ५०० पेट चार्ज. कायद्याने बसतं का? – सेक्रेटरी, मुलुंड

उत्तर : नाही बसत, आणि ठराव एकमताने झाला तरी नाही बसत. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्यात. पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, वेगळा चार्ज लावता येत नाही, आणि साफ करण्याबद्दल सोसायटी मालकांना विनंती करू शकते पण स्वतःच्या अधिकारात दंड लावू शकत नाही असं त्यात आहे. त्यामुळे तुमचा ठराव पास होईल, टाळ्या पडतील आणि पहिल्याच पावतीला अकरातला एखादा वकिलाची नोटीस घेऊन येईल, मग वर्षभर तेच.

पण हे सोसायटीच्या आतलं झालं. गेटबाहेर मुंबई महापालिकेचा रस्ता आहे आणि २००६ च्या स्वच्छता उपविधींमध्ये पाळीव प्राण्याने रस्त्यावर घाण केली तर मालकाला ५०० रुपये दंड आहे. तो तुम्ही नाही, महापालिका घेणार. अडचण एवढीच की कुत्री खाली येतात सकाळी सहाला आणि रात्री अकराला, दंडवाले येतात मधल्या वेळात.

त्यापेक्षा हे करून बघा. अकरा जणांना चहाला बोलवा, जनरल बॉडीत नाही, तिथे बाकीचे पंच्याऐंशी त्यांना खातील. पार्किंगच्या मागे एक कोपरा ठरवा, वाळू टाका, झाकणाचा डबा ठेवा, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवा आणि डबा रिकामा करायच्या पाळ्या अकरा जणांमध्येच लावा, हाऊसकीपिंगवर ढकलू नका. कोणाच्या कुत्र्याला महापालिकेचं लायसन्स आहे तेही त्याच चहाला विचारा, दरवर्षी काढायचं असतं, रेबीजच्या लसीचा कागद लागतो, आणि निम्म्यांचे चेहरे बघा. स्पेनमध्ये ब्रुनेते नावाचं गाव आहे माद्रिदजवळ, तिथे २०१३ मध्ये स्वयंसेवक न उचलणाऱ्या मालकाशी गोड गप्पा मारून कुत्र्याचं नाव आणि जात विचारून घ्यायचे, नोंदणीच्या यादीतून पत्ता शोधायचे आणि ती शी खोक्यात भरून "हरवलेली वस्तू" म्हणून घरपोच करायचे! सुचवत नाहीये हं. पण त्यांना हे जमलं कारण कुत्र्यांची नोंद होती.

प्रश्न : आमच्या गल्लीत प्रत्येक गेटपाशी लाल नाहीतर निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्यात. खरंच कुत्री येत नाहीत का? समोरचे काका तर तिखट आणि ॲसिड टाकू म्हणतायत. – सांगलीहून एक

उत्तर : बाटल्या गेली कित्येक वर्षं बघतेय मी, आणि बंड्याने त्यातल्या एका निळ्या बाटलीवरच तंगडी वर केलेली माझ्या डोळ्यांनी पाहिलीये. कुत्र्यांना निळा आणि पिवळा रंग दिसतो, लाल त्यांना मळकट तपकिरी वाटतो, म्हणजे लालवाल्यांनी कुंकू वाया घालवलं. निळा दिसतो पण घाबरायचं काय त्यात? साबण आणि व्हिनेगरचा उपाय वर कोथरूडच्या ताईंना सांगितलाय तोच करा.

काकांना मात्र आवरा. तिखटाने नाक-डोळे जळतात, ॲसिडने पाय भाजतात, आणि जनावराला मारणं किंवा जायबंदी करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चूक पट्टा धरणाऱ्याची, ॲसिड चार पायांवर, हा कुठला न्याय?

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीला असते. तिथे मी गेले तेव्हा बघितलं, कुत्र्याच्या पट्ट्यालाच पिशव्यांची गुंडाळी बांधलेली, बर्फातसुद्धा वाकून उचलायची. दिवाळीत डोंबिवलीला आली आणि आमच्या टायगरला फिरवायला नेलं ते हात हलवत. विचारलं तर म्हणते, आई इथे कोण उचलतं! – टायगरची आजी

उत्तर : आजी, लेकीला सांगा तिच्या शेजारच्या न्यूयॉर्कमध्येपण १९७८ पर्यंत कोणी उचलत नव्हतं. त्या वर्षी कायदा लागू झाला, त्याआधी कुत्रेवाल्यांनीच भरपूर आरडाओरडा केला होता, की हे कसं शक्य आहे, लोक कुत्री सोडून देतील वगैरे. तिथली माणसं काही जन्मतः वाकलेली नव्हती. पुढच्या वेळी येताना चॉकलेटं कमी आणि पिशव्यांच्या दोन गुंडाळ्या जास्त आणायला सांगा.

प्रश्न : ताई मी बारावीत आहे, बाणेरला सकाळी चार घरची कुत्री फिरवतो, कॉलेजची फी त्यातून निघते. कोणीच पिशवी देत नाही. रस्त्यावरचे लोक शिव्या मला घालतात, एकाने तर व्हिडिओ काढला. एका मॅडमला म्हणलं पिशवी द्या तर म्हणाल्या उचलायचं तुझंच काम आहे. पण ठरलं होतं तेव्हा फिरवायचे पैसे ठरले होते, उचलायचे नाही. मी काय करू, काम सोडू शकत नाही. – तुमचा वाचक

उत्तर : बाळा, सगळ्या ढिगात तुझं एकट्याचंच पत्र असं आहे की जो शिव्या खातो त्याचा कुत्रा नाहीये.

उचलायला तू तयार असशील तर ते काम आहे, आणि कामाचे पैसे असतात. चारही घरी एकच गोष्ट सांग, वेगवेगळी नको : पुढच्या महिन्यापासून मी उचलणार, पिशव्या आणि कागद तुमचे, आणि महिन्याला इतके जास्त. आकडा तू ठरव, पण आधी ठरव आणि कागदावर लिहून ने, तोंडी सांगायला गेलास की घासाघीस होते. नाही म्हणाले तर त्यांना सांग की मग कुत्रा तुमच्या बाल्कनीत नाहीतर टेरेसवर शी करून झाल्यावर मी नेईन. दुसरा पर्याय ऐकला की पहिला स्वस्त वाटतो.

चार एकदम नेत असशील तर ते बंद कर. चार पट्टे हातात असताना कोणालाच उचलता येत नाही, दोन-दोन ने, वेळ जास्त लागेल तोही आकड्यात धर. प्रत्येक कुत्र्याचा रेबीजच्या लसीचा आणि जंताच्या औषधाचा कागद बघायला माग, तू त्यांच्या तोंडाशी रोज असतोस, तुझा हक्क आहे तो. रोज कुत्री हाताळणाऱ्यांना रेबीजची लस चावण्याआधीच घेता येते, जवळच्या सरकारी दवाखान्यात विचार. तरी चावलं किंवा नुसतं ओरखडलं तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना, घरचा कुत्रा आहे म्हणून थांबायचं नाही.

व्हिडिओवाला परत भेटला तर वाद घालू नको, कुठल्या बंगल्याचा कुत्रा आहे ते सांग आणि पुढे चल. आणि त्या मॅडमशी बोलायचं ते या महिन्याचे पैसे हातात पडायच्या दिवशी बोल, त्या पर्समध्ये हात घालतात ना, तेव्हा.